शंभर दाणे गोणपाटात

"आकडा आला का?"

२०१६ ते २०२२, सहा वर्षं हा प्रश्न आमच्या घरात दर तीन महिन्यांनी फिरायचा. दादा शेतातून फोन करायचा, ताई पुण्याहून, मामा उमरग्याहून. कुठला आकडा, हे कुणी विचारायचं नाही. आईच्या रक्तातला सीए १५-३, स्तनाच्या कॅन्सरचा मार्कर, म्हणजे खूण. लातूरच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ यायची. मी ती उघडून थेट शेवटच्या पानावर जायचे. आकडा तीसच्या आत असला की घरच्या ग्रुपवर 'नॉर्मल' एवढा एकच शब्द टाकायचे. मग हात जोडलेले, फुलं, विठ्ठलाचे फोटो. त्या रात्री सगळ्यांना झोप लागायची.

आईला त्या दिवशी कसं वाटत होतं, हे त्या ग्रुपवर कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही लिहिलं नाही.

गाठ तिच्या हाताला लागली २०१५च्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या वेळी. संक्रांतीपर्यंत तिनं ती कुणाला सांगितली नाही. दुखत नव्हती म्हणून. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आमच्या बायकांनी दुखत नाही ते दुखणं कधी मानलंच नाही. शेवटी वहिनीचा फोन आला, "वन्सं, आईंच्या छातीत गाठ आहे. कुणाला सांगू नको म्हणतात."

घरात पहिलं भांडण झालं ते तुकडा काढायचा की नाही यावरून. सुई लागली की पसरतं, लोखंड लागलं की चवताळतं, अशी समजूत आमच्याकडे पक्की आहे. डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सांगितलं, की तुकडा तपासल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल हे कळायला दुसरा मार्ग नाही. तुकड्याच्या रिपोर्टात आलं : ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे बाईच्या शरीरातल्या हॉर्मोनवर पोसला जाणारा कॅन्सर. यांनाही मार्करच म्हणतात, पण ते गाठीच्या तुकड्यात बघायचे. रक्तात बघायचे ते वेगळे. शब्द एकच असल्यामुळे आमचा जो गोंधळ झाला, तो पुढे किती महाग पडणार होता याची तेव्हा कल्पना नव्हती.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, मार्चमध्ये किमो सुरू झाली. लातूरकरांना २०१६चा उन्हाळा वेगळा सांगावा लागत नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. किमोनंतर दोन दिवस भरपूर पाणी प्या, संडासात दोनदा पाणी ओता, असं कागदावर छापून मिळालं होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. दादा गावाकडच्या बोअरचं पाणी दुधाच्या कॅनमध्ये भरून मोटारसायकलला बांधून आणायचा. उलटी झाल्यावर तोंड धुवायला आई एका तांब्यातलं निम्मं पाणी वापरायची आणि उरलेलं निम्मं तुळशीच्या कुंडीत ओतायची. केस गेले, नखं काळी पडली, त्याबद्दल ती बोलली नाही. पाणी आपल्यापायी जास्त लागतंय, एवढंच तिला टोचायचं.

उपचार संपले तेव्हा डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. रोज एक लेट्रोझोलची गोळी, ते हॉर्मोन कमी करणारी, पाच वर्षं. ठरल्या तारखेला येऊन दाखवायचं. वर्षातून एकदा मॅमोग्राफी. कुठलंही नवं दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर तारखेची वाट न बघता यायचं. "आणि रक्ताची कॅन्सरची तपासणी?" मी विचारलं. ते म्हणाले, त्रास काही नसताना सीए १५-३ वरचेवर करण्याचा उपयोग नाही, त्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनांचं मतही तेच आहे.

आम्हाला ते कमी वाटलं. एवढा मोठा आजार, आणि नुसतं 'येऊन दाखवा'? हातात काहीतरी मोजलेलं हवं होतं. लॅबमध्ये पैसे भरले की तपासणी होते, चिठ्ठी कुणी मागत नाही. आम्ही आमचीच तारीख लावून घेतली.

सीए १५-३ म्हणजे नक्की काय, हे मी पुष्कळ उशिरा समजून घेतलं. स्तनातल्या दूधनळ्यांच्या पेशींवर म्यूक-वन नावाचं एक प्रथिन असतं. प्रत्येक बाईच्या असतं. पेशी कॅन्सरच्या झाल्या की ते बेताल वाढतं आणि त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात. तपासणी मोजते ते हे तुकडे. कॅन्सर पसरलेला आहे हे आधीच माहीत असताना औषध लागू पडतंय का, हे बघायला बाकीच्या तपासण्यांच्या जोडीनं त्याची मदत होते. पण लिव्हरच्या दुखण्यात तो वाढतो, इतर काही आजारांत वाढतो, नवं औषध सुरू केल्यावर पहिले चार-सहा आठवडे औषध चांगलं काम करत असतानाही वाढू शकतो. एका लॅबच्या यंत्रावरचा आकडा दुसरीच्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. आणि कधीकधी कॅन्सर असूनही तो वाढतच नाही.

हे शेवटचं वाक्य मला २०१६मध्ये कुणी कानात ओरडून सांगायला हवं होतं.

२०१८च्या पावसाळ्यात आकडा आला ४७. आधीचा २६ होता. त्या रात्री ग्रुपवर फूल आलं नाही, की विठ्ठल आला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत होतो. आई खिडकीशी बसून हळूहळू पाय चोळत होती. मला वाटलं, भीतीनं. मुंबईत पेट स्कॅन झाला. दादानं त्यासाठी सोयाबीन काढणीच्या आधीच आडत्याकडून उचल घेतली होती. स्कॅन स्वच्छ आला. कुठेही काही नाही.

मग आकडा का वाढला? तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आमची पीडीएफ पहिल्या पानापासून वाचली. मी वाचत नव्हते ते पान. हिमोग्लोबिन साडेआठ, आणि लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. त्यांनी आईला विचारलं, "मावशी, जिभेची आग होते का? पायाला मुंग्या येतात?"

आई म्हणाली, "चार-पाच महिने झालं की. तळव्याखाली जणू वाळू हाय."

"मांसमच्छी खाता?"

"गळ्यात माळ हाय माय माझ्या."

"दूध, दही?"

"चहापुरतं."

बी-१२ अगदी खाली गेलं होतं. त्या कमतरतेतून होणाऱ्या पंडुरोगातही सीए १५-३ वाढू शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा, पायाखालची वाळू गेली, आकडा २४. घरात पुन्हा आनंदीआनंद झाला. खरं तर त्या दिवशी आम्ही त्या आकड्यावरचा विश्वास सोडायला हवा होता. झालं उलटंच. तो उतरला, म्हणून आम्हाला तो आणखीच खरा वाटायला लागला. आणि आई पाच महिने पायातल्या मुंग्या घेऊन घरात वावरत होती, तिला एकदाही 'पाय का चोळतेस' असं विचारलं गेलं नाही, हे मागे पडलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना हात जड होतो.

२०२२च्या जूनमध्ये आईची कंबर दुखायला लागली. लेट्रोझोलची पाच वर्षं पुरी होऊन काही महिने झाले होते. मी गावाकडे गेले की ती म्हणायची, "कंबर दुखलालीय गं. रातच्याला कुशीवर वळता येईना." आणि मी म्हणायचे, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे. बावीस आलाय. पेरणीत वाकलीस, त्यानं झालं असेल." जुलैमध्ये तेल लावलं. ऑगस्टमध्ये हाडाच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. सप्टेंबरमध्ये पुन्हा आकडा केला, २३. मी ग्रुपवर 'नॉर्मल' टाकलं आणि आईला फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं, "काही नाही, काळजी करू नकोस." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतीस तर न्हाई."

ऑक्टोबरमध्ये तिला सकाळी उठवून बसवायला दोघांचा हात लागायला लागला. एमआरआयमध्ये कमरेच्या दोन मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात ते आलेलं होतं. आमच्या डॉक्टरांना मी टेबलावर एकाखाली एक सहा वर्षांचे रिपोर्ट मांडून दाखवले, जणू काही ते चुकीचं बोलत होते आणि माझ्याकडे पुरावा होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सगळ्यांच्याच गाठी हे प्रथिन रक्तात सोडत नाहीत. मार्कर नॉर्मल असून हाडात असू शकतं." मग आईकडे वळून विचारलं, "मावशी, कधीपासून दुखतंय?" आई म्हणाली, "जेष्ठापासून." आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

दोन-तीन आठवड्यांवर दुखणं टिकलं तर या, असं त्यांनी सांगितलेलं होतं. चार महिने ती सांगत होती. आम्ही कागद धरून बसलो होतो.

त्या हिवाळ्यात मी रात्र रात्र वाचत बसायचे. रक्तातून कॅन्सर ओळखण्याची याहून चांगली काही सोय असेल, आणि ती आम्ही केली असती तर, असा तो शोध होता. प्रथिनाचे तुकडे मोजण्यापेक्षा कॅन्सरची पेशीच रक्तात पकडता आली तर? असं करणारी तपासणी आहे. १८६९मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी कॅन्सरनं गेलेल्या एका माणसाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी पाहिल्या, त्या त्याच्या गाठीतल्या पेशींसारख्याच दिसत होत्या. तिथपासून त्या नेमानं मोजता येईपर्यंत जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. अमेरिकेत 'सेलसर्च' या पद्धतीला मान्यता मिळाली ती २००४मध्ये.

पद्धत ऐकली तेव्हा मला आईचं धान्य पाखडायचं सूप आठवलं. साडेसात मिली रक्त घेतात, म्हणजे दीड चमचा. त्यात लाल पेशीच तीन हजार कोटींच्या वर. पांढऱ्या पेशी काही कोटी. त्यात एखादी, दुसरी, पाचवी कॅन्सरची. तिला निवडायला लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सोडतात. त्या कणांवर असं काही लावलेलं असतं, की ते अवयवांच्या अस्तरातून आलेल्या पेशींना चिकटतं, रक्ताच्या पेशींना चिकटत नाही. मग लोहचुंबक लावून त्या ओढून घेतात, रंग देतात आणि मोजतात. साडेसात मिलीत पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर आजार जोरात आहे, पाचाच्या आत असल्या तर तुलनेनं बरं. २००४मध्येच, कॅन्सर पसरलेल्या १७७ बायकांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं होतं.

मला वाटलं, सापडलं. हेच करायला हवं होतं.

मग पुढचं वाचलं. किमो सुरू करून तीन आठवड्यांनीही ज्यांच्या रक्तातल्या पेशी पाचाच्या खाली आल्या नाहीत, त्यांच्यापैकी निम्म्या जणींची किमो लगेच बदलायची आणि निम्म्या जणींची तीच ठेवायची, असा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. निकाल २०१४मध्ये छापून आला. लवकर बदललेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. आजार जोरात आहे हे पेशींच्या संख्येनं खरंच सांगितलं होतं. पण मग करायचं काय, याचं उत्तर त्या संख्येत नव्हतं. ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत राहिले.

पुढच्या मे महिन्यात गावी गेले. आई पट्टा बांधून ओसरीवर बसली होती, पुढ्यात ओलं गोणपाट. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं होतं, त्याची उगवण बघायची होती. हे काम ती दरवर्षी करते, दादाला करू देत नाही. पोत्यात वेगवेगळ्या ठिकाणी हात घालून मूठ-मूठ दाणे काढायचे, त्यातले न निवडता शंभर मोजायचे. निवडून चांगलेच घेतले तर फसगत आपलीच. गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग अलगद गुंडाळी. माठाशेजारी सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीच्या मापानं पेरायचं. कमी आले तर बी वाढवायचं. फारच कमी आले तर विकत आणायचं.

ती ओळी लावत होती तेव्हा मी तिला स्टीफन पॅजेट यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडचे सर्जन. स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून त्यांनी १८८९मध्ये मांडलं, की कॅन्सर शरीरात वाटेल तिथे पसरत नाही. काही अवयवांत तो पुन्हा पुन्हा जातो, काहींत क्वचित. हाडंसुद्धा त्याला सगळी सारखी नसतात. झाडाचं बी वाऱ्यानं चहूकडे जातं, पण मानवणाऱ्या जमिनीत पडलं तरच उगवतं, तसं हे आहे, असं त्यांचं म्हणणं. रक्तात सुटलेल्या पेशींतल्या बहुतेक मरून जातात, फार थोड्या कुठेतरी मूळ धरतात, हे पुढे प्रयोगांत दिसलं.

आईचा हात थांबला नाही. ओळ पुरी करून म्हणाली, "मग जमीन बी बघावं लागंल की. नुस्तं बी मोजून काय व्हतंय?" आणि जरा वेळानं, "माझ्या हाडाला मानवलं म्हणायचं त्येला."

मला काही बोलता आलं नाही. मी पाणी शिंपडलं.

त्या वर्षी ७८ कोंब आले.

उपचारांचं थोडक्यात सांगते. हाडातला तुकडा पुन्हा तपासला, कारण दुसऱ्यांदा आलेल्या आजाराचे गुण कधीकधी बदललेले असतात. तिचे बदलले नव्हते. महिन्याला दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन, हाडं घट्ट राहण्यासाठी एक सलाईन, आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिबची गोळी, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस थांबायचं. त्या गोळीचं पेटंट भारतात जानेवारी २०२३मध्ये संपलं, कितीतरी भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि भाव एकदम उतरला. काही महिने आधीचा भाव आम्हाला सोसला नसता. आईचा आजार थोडा आधी उलटला असता तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

रक्तातल्या तपासण्या आता आणखी पुढे गेल्या आहेत. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात सांडतो. तो वाचून पेशीनं कोणत्या औषधाला चुकवायचं कसं, हे शिकून घेतलंय का, ते कळतं. लेट्रोझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्यांत ईएसआर-वन नावाच्या जनुकात असा बदल होऊ शकतो. तो रक्तात सापडला तर देण्याच्या एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत २०२३च्या जानेवारीत मान्यता मिळाली. हे मला खरंच मोलाचं वाटतं. इथे रिपोर्टच्या पुढे एक औषध आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, की सध्याचं औषध थकलं तर ही तपासणी करू. तोपर्यंत नाही. मी आता 'तोपर्यंत नाही' हे ऐकून घेते.

शाळेत, लग्नात, हळदीकुंकवाला बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "ते रक्तातून कळतं म्हणे? एकदा करून घ्यावं का?" आईमुळे मी त्यांच्या लेखी जाणकार. मी सांगते, सीए १५-३ त्यासाठी नाही. लहान गाठ असताना तो बहुधा वाढलेलाच नसतो, आणि नॉर्मल आला की तुम्ही गाठ अंगावर काढाल. मग त्यांना मुंबईचं सांगते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८मध्ये सुरू केलेला अभ्यास. वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायका, वीस वर्षं. अर्ध्या जणींची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासली. नुसत्या हातानं. गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू तीसएक टक्क्यांनी कमी झाले. हे ऐकून बायका जरा हिरमुसतात. रक्त देणं सोपं असतं. ब्लाऊजची बटणं काढून कुणाला तरी दाखवणं अवघड असतं. मला कळतं ते. माझ्या आईनं दिवाळी ते संक्रांत काढलेली आहे.

गेल्या महिन्यात तिला घेऊन गेले होते. डॉक्टर खुर्चीवरून उठले, तिच्या मागे उभे राहिले. मानेच्या तळापासून सुरुवात करून अंगठ्यानं एकेक मणका दाबत खाली येऊ लागले.

"इथं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

कमरेपाशी आल्यावर ती जरा आत ओढली गेली. "हितं हाय थोडं. पर पयल्यासारखं न्हाई. कुशीवर वळती मी आता." ते तिथे थांबले, पुन्हा दाबून बघितलं, शेजारचा मणका बघितला, मग पायाच्या अंगठ्याला हात लावून विचारलं, कळतंय का. फाईल टेबलावर बंदच होती. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली असतील.

परत येताना औशाच्या अलीकडे एसटी थांबली. आईला पेरू दिसले. तिनं स्वतः उतरून, वाकून, टोपलीतले चार निवडले, भावावरून बाईशी घासाघीस केली, आणि जागेवर येऊन मीठ मागितलं. मी पर्समध्ये पुडी शोधत होते तेव्हा मोबाईल वाजला. लॅबचा मेसेज होता, पीडीएफ आलेली. आता डॉक्टर सांगतात तेव्हाच रक्त देतो आम्ही, त्यातली ही.

मीठ सापडलं. पीडीएफ मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली, पहिल्या पानापासून.